टर्म न भरता

जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला दिलेलं निवेदन १९ ऑक्टोबर १८८२ चं आहे. त्यात त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि पुण्याच्या जुना गंज पेठेतले म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आहे. हे निवेदन बहुतेक जण प्राथमिक शिक्षणासाठी वाचतात आणि ते योग्यच आहे. सारा भरतो शेतकरी, त्या पैशावर कॉलेजं चालतात वरच्या वर्गांसाठी, आणि सारा भरणाऱ्याच्या गावात साधी शाळा नाही, हा त्या निवेदनाचा गाभा. पण पुढे जोतीराव विद्यापीठाच्या परीक्षांकडे वळतात. शाळेत नाव न घालता खासगी अभ्यास करणाऱ्यांना मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षेला बसू दिलं याबद्दल ते समाधान व्यक्त करतात आणि वरच्या परीक्षाही अशाच खुल्या कराव्यात, अशी अपेक्षा धरतात. घरी केलेल्या अभ्यासावर बी. ए., एम. ए. होता आलं तर कितीतरी तरुण अभ्यासाला लागतील, असं त्यांचं म्हणणं.

पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात माझी नोकरी झाली आणि त्यातला मोठा काळ मी बहिःस्थ विद्यार्थ्यांच्या खिडकीवर बसले. कॉलेजात रोज न येता परीक्षा देणारे ते बहिःस्थ. फुल्यांच्या समग्र वाङ्मयात हा मजकूर वाचला तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून पुन्हा तारीख पाहिली. माझ्या खिडकीसमोर रांग लावणाऱ्या माणसांची बाजू त्यांनी इतक्या आधी मांडून ठेवली होती. तेव्हापासून या एकाच नियमाचा माग काढायचा मला नाद लागला: पदवी हवी तर कॉलेजात टर्म भरलीच पाहिजे, हा नियम. प्रवेशाचे बाकीचे नियम मार्कांबद्दल आणि विषयांबद्दल असतात. हा एक नियम मात्र माणसाच्या परिस्थितीलाच हात घालतो. तू रोज इथे येऊ शकतोस का, एवढंच तो विचारतो.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. विद्यापीठाने शिकवायचं नाही. संलग्न कॉलेजांनी शिकवायचं आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची. सेनेटने खास परवानगी दिल्याखेरीज, संलग्न संस्थेत ठरलेला अभ्यास पुरा केल्याचा दाखला आणल्यावाचून कोणालाही पदवीच्या परीक्षेला बसता येणार नाही, अशी अट १८५७ च्या कायद्यातच आली. ज्याचा नमुना आपण उचलला त्या लंडन विद्यापीठाने मात्र पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, वैद्यक सोडून बाकीच्या परीक्षा कॉलेजात न गेलेल्यांनाही खुल्या केल्या. एक वर्ष उशिराने आपला कायदा झाला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. लंडनने सोडून दिलेली अट आपण मात्र धरून ठेवली. विद्यापीठ स्वतः शिकवत नव्हतं, त्यामुळे अभ्यास झाला की नाही याची खात्री त्याला कॉलेजच्या दाखल्यावरूनच पटणार होती, हे मी समजू शकते. दाखल्यांवरच माझं आयुष्य गेलं. पण ही खात्री करून घेण्याची किंमत कोणी मोजली, तेही पाहायला हवं.

पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये मुंबईत झाली. १३२ जण बसले, २२ पास झाले. बोरघाटाची रेल्वे तेव्हा पुरी व्हायची होती, ती १८६३ मध्ये सुरू झाली. त्याआधी पुण्याहून मुंबईला जायचं तर खंडाळ्यापर्यंत गाडीने जाऊन, घाट उतरून, खाली पुन्हा दुसरी गाडी धरावी लागे. १८६२ मध्ये पहिले चार बी. ए. झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. अवघ्या मुंबई इलाख्यात चार.

पुण्यात टर्म भरायची सोय एकाच जागी होती. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा १८५१ मध्ये इंग्रजी शाळेशी जोडली गेली आणि पूना कॉलेज झालं. पुढे त्याचं नाव डेक्कन कॉलेज पडलं आणि १८६८ मध्ये ते नदीपलीकडे येरवड्याच्या दगडी इमारतीत गेलं. सर जमशेटजी जीजीभाईंची लाखाची देणगी त्या इमारतीला लागली. आज तिथून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत गावात येता येतं. तेव्हा तिथे राहूनच शिकायचं म्हणजे गाव, घर, कमाई हे सगळं मागे टाकून यायचं. टिळक तिथे राहिले ते घरची बेताची का होईना पण सोय होती म्हणून. आगरकरांची गोष्ट वेगळी. अंगात एकच सदरा. रात्री धुवायचा, वाळवायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचं. हे सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं आणि त्यातून त्यांची जिद्द शिकवली जाते. मला त्यात नियमही दिसतो. आगरकरांना तर्कशास्त्र आणि इतिहास एकट्याने वाचता आले नसते, असं कोणी म्हणेल का? कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी भटकंती करत, मिळेल ते काम करत त्यांनी मॅट्रिकपर्यंतचा अभ्यास केलाच होता. पण बी. ए. ची परीक्षा तशी देता येत नव्हती. येरवड्यात वर्षं काढावीच लागत होती, आणि त्यासाठी सदरा लागत होता.

इतिहासाचार्य राजवाडेही डेक्कन कॉलेजचेच. मॅट्रिक १८८२ मध्ये झाले आणि बी. ए. व्हायला पुढे आठ-नऊ वर्षं लागली. वर्गात बसण्यापेक्षा ग्रंथालयात स्वतःच्या मनाने वाचणं त्यांना मानवत होतं. शाळा-कॉलेजांतल्या आपल्या अनुभवांवर त्यांनी पुढे मोठा लेखच लिहिला आणि त्या शिक्षणाबद्दलचा आपला राग त्यात लपवला नाही. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गावोगाव फिरून गोळा करणारा हा माणूस टर्मच्या हिशेबात मात्र रेंगाळलेला विद्यार्थी ठरला.

२ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज निघालं ते गद्र्यांच्या वाड्यात. नदी ओलांडायची गरज उरली नाही आणि शिकवणारी माणसंही आपलीच, वामन शिवराम आपट्यांसारखी. टर्म भरणं त्यामुळे अनेकांच्या आवाक्यात आलं. जमखंडीहून आलेले विठ्ठल रामजी शिंदे १८९८ मध्ये इथूनच बी. ए. झाले, गंगाराम भाऊ म्हस्क्यांच्या डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनच्या शिष्यवृत्तीचा त्यांना आधार होता. शिष्यवृत्ती, माधुकरी, वार लावून जेवण, ओळखीच्यांच्या ओसरीवर झोपायची सोय: पुण्यातल्या एका मोठ्या व्यवस्थेचं कामच मुळी गरीब मुलाला टर्म भरता यावी हे होतं. दानत मोठी होती यात शंका नाही. पण कोणत्या घरच्या मुलाला कोणत्या घरी वार मिळत होता, हे जातीवरून ठरत होतं. नियम कागदावर सगळ्यांना सारखा होता. तो पुरा करायला लागणारा आधार सगळ्यांना सारखा नव्हता, आणि फुले नेमकं त्यावर बोट ठेवत होते.

बायकांचा तर प्रश्नच वेगळा. विद्यापीठाच्या नियमांतला उमेदवार पुरुषच धरलेला होता. १८८३ मध्ये विद्यापीठाने तो अर्थ बदलला आणि मुलींना परीक्षा खुल्या झाल्या. पुण्यातली कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात गेली आणि पहिल्या वर्गात बी. ए. झाली. मुंबई विद्यापीठाची ती पहिली स्त्री पदवीधर. विलायतेत शिकण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती मात्र मुलगी म्हणून तिला नाकारली गेली. ती ऑक्सफर्डला गेली ती इतरांनी उभ्या केलेल्या मदतीवर. १८८४ मध्ये हुजूरपागा ही मुलींची शाळा सुरू झाली आणि मॅट्रिकपर्यंत जाणाऱ्या मुली पुण्यात दिसू लागल्या. पण त्यानंतर काय? लग्न झालेलं, पदरात मूल, घरात सासू-सासरे. विद्यापीठाने मुलींना दार उघडलं होतं, पण सकाळी अकरा ते पाच तिने वर्गात असावं ही अट तशीच होती. त्या काळात घरची बाई ते करू शकत नव्हती. सगळ्यांत आधी हे ज्याने ओळखलं, त्याला प्रवेशाच्या नियमाने लहानपणीच एकदा परत पाठवलं होतं.

धोंडो केशव कर्वे मुरुडचे. १८७५ च्या पावसाळ्यात त्यांना सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. ती पास झाल्याशिवाय शाळामास्तरची नोकरी मिळत नसे. मुंबईला जायचं तर समुद्र खवळलेला, गलबतं बंद. म्हणून सोबतच्या मुलांबरोबर ते पायी साताऱ्याला निघाले. कुंभार्ली घाटातून, पावसात भिजत, शंभरावर मैल चालून चौथ्या दिवशी पोचले. परीक्षेला सतरा वर्षं पुरी लागत होती. कर्व्यांना ती झाली होती, दाखलाही जवळ होता. पण अंगाने ते किरकोळ. समितीच्या प्रमुखाने पाहिलं आणि हा मुलगा सतराचा दिसत नाही म्हणून बसू दिलं नाही. बाकीचे बसले, कर्वे परत फिरले. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन ते ती परीक्षा पास झाले. आत्मवृत्तात त्यांनी हे फार शांतपणे सांगितलं आहे. मला ते शांतपणे वाचता येत नाही. खिडकीच्या आत बसणाऱ्याने चेहरा पाहून निर्णय दिला आणि हातातला कागद पाहिलाच नाही. हे किती सहज घडतं हे मला ठाऊक आहे.

हेच कर्वे १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले, १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे हिंगण्याच्या माळावर तो वाढवला. काशीच्या एका गृहस्थाने टपालाने पाठवलेली टोकियोच्या स्त्री विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. जून १९१६ मध्ये विद्यापीठ उभंही राहिलं. भांडारकर कुलपती आणि रँग्लर परांजपे कुलगुरू. १८६२ च्या त्या पहिल्या चार पदवीधरांपैकी एक, वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, पदवीचे नवे नियम करणाऱ्या विद्यापीठाचं पहिलं पद घेतो, हे मला फार मोलाचं वाटतं. विद्यापीठाच्या महिला पाठशाळेत, म्हणजे त्याच्या कॉलेजात, पहिल्या वर्षी पाच विद्यार्थिनी होत्या.

पाच मुलींचं विद्यापीठ म्हणून लोक हसले असतील. नियम मात्र हसण्यासारखे नव्हते. शिकवण्याचं माध्यम मराठी. मुंबई विद्यापीठाने १८६० च्या दशकात देशी भाषांना वरच्या परीक्षांतून काढून टाकलं होतं, आणि मराठी एम. ए. च्या परीक्षेत तरी यावी म्हणून रानडे हयातभर झगडले होते. इथे मराठीतून सगळंच शिकायचं. इंग्रजी विषय म्हणून ठेवलं, तेही सक्तीचं. गांधीजींना ही सक्ती पटली नव्हती, तरी त्यांनी वार्षिक दहा रुपयांची वर्गणी दिली. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा त्याचीच होती, मुंबईची मॅट्रिक पास असण्याची अट नव्हती. आणि ज्यासाठी मी एवढं लिहिते आहे तो नियम: घरी अभ्यास करणाऱ्या बायकांना खासगी उमेदवार म्हणून या विद्यापीठाच्या परीक्षांना बसता आलं. जोतीरावांनी मागितलेली गोष्ट पुण्यात आली ती अशी, हिंगण्याच्या वाटेने, आधी बायकांसाठी.

पदवीचं नाव बी. ए. ठेवलं नाही. जी. ए., म्हणजे गृहीतागमा. वारूबाई शेवडे १९१९ मध्ये पहिल्या गृहीतागमा झाल्या आणि पुढे हिंगण्याच्या कामातच राहिल्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली, तेव्हा विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसींचं नाव मिळालं. १९३६ मध्ये मुख्य कचेरी मुंबईला गेली. सरकारी मान्यता मात्र यायला १९५१ उजाडावं लागलं.

ही मान्यतेची गोष्ट आमच्या घरातली आहे. माझी आतेआजी बालविधवा. वाईला भावाच्या घरी राहून, सोवळ्यातला स्वयंपाक आटोपून, दुपारी माजघरात तिने जी. ए. चा अभ्यास केला. परीक्षेपुरती पुण्याला हिंगण्याला यायची आणि नातेवाइकांकडे उतरायची. ती पास झाली. मग एका सरकारी शाळेत जागा निघाली म्हणून अर्ज केला, तर ही पदवी आमच्या यादीत नाही असं उत्तर आलं. ती एका खासगी संस्थेच्या मुलींच्या शाळेत कमी पगारावर शिकवत राहिली. पुढे विद्यापीठाला मान्यता मिळाली तेव्हा तिचं नोकरीचं वय उलटून गेलं होतं. तिने याची तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तिच्या विद्यार्थिनी म्हाताऱ्या झाल्यावरही तिच्याबद्दल बोलत आणि तिचं व्याकरण कसं पक्कं होतं ते सांगत. ती रागावली नाही म्हणून मी रागावते. पदवी मिळवायची एक अट असते आणि मिळालेली पदवी चालायची दुसरी, आणि ही दुसरी अट घालणारे कोणालाच दिसत नाहीत.

टिळक महाराष्ट्र विद्यापीठाने १९२१ पासून असहकाराच्या काळात हीच किंमत जाणूनबुजून पत्करली. सरकारी शिक्का नको म्हणूनच ते निघालं होतं, आणि त्याच्या विशारदांना पदवीचा उपयोग नोकरीसाठी करायचाच नव्हता. आतेआजीला करायचा होता, एवढाच फरक.

पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ चा. कामाला सुरुवात १९४९ च्या फेब्रुवारीत झाली. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाउसमध्ये पहिली कचेरी, मग गणेशखिंडीचं राजभवन. संलग्न महाविद्यालयं १८ होती. मॅट्रिक त्याच सुमारास विद्यापीठाच्या हातून एस. एस. सी. बोर्डाकडे गेली. त्यापुढे अकरावीनंतर प्री-डिग्री आणि मग पदवीची वर्षं, असा पुण्याचा जुना क्रम होता. १९७५ मध्ये अकरावीची शेवटची आणि दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी बोर्डाला बसली, आणि दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. ती एक गर्दी ज्यांनी पाहिली त्यांना अजून आठवते. वर्ग पुरेनात, कॉलेजांत सकाळ-दुपार दोन सत्रं. गरीब मुलांसाठी फीची ई. बी. सी. सवलत होती आणि बाराशे रुपयांखालच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे रांगा लागत. या सगळ्या बदलांत टर्म तशीच राहिली. एखाद्या विषयात नापास झालास तरी पुढच्या वर्गात बस, विषय मागाहून सोडव, असं म्हणणारी ए. टी. के. टी. आली, पण तीसुद्धा पुढची टर्म भरायचीच परवानगी.

बहिःस्थ विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठाने कला आणि वाणिज्य शाखांची परीक्षा खुली केली. विज्ञानाची नाही, कारण प्रयोगशाळा घरी नसते. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झालं आणि बारावी नसलेल्यांना पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीकडे जाता येऊ लागलं. तरी आमच्या खिडकीची रांग कमी झाली नाही, कारण पुष्कळांना पुणे विद्यापीठाचीच पदवी हवी असे. 'युनिव्हर्सिटीची आहे ना?' हा प्रश्न मी रोज ऐकला. त्या प्रश्नामागची भीती मला आतेआजीमुळे कळत होती, म्हणून मी कधी त्याला हसले नाही.

कोण येत असे? पीएमटीचे कंडक्टर, पहिली पाळी संपवून, बॅज तसाच. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार. पोलीस, पदोन्नतीच्या परीक्षेला पदवी लागते म्हणून. लग्नामुळे बी. ए. अर्धं राहिलेल्या बायका. फॉर्मबरोबर लागणारे कागद ठरलेले: बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मधल्या वर्षांबद्दल स्टँप पेपरवर खंडाचं प्रतिज्ञापत्र, दुसऱ्या बोर्डाचा असेल तर मायग्रेशन, आणि नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत. या शेवटच्या कागदावर बायका अडत. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि मधला दुवा फक्त लग्नाची पत्रिका. एलिजिबिलिटी विभाग पत्रिका मानत नाही. मग मी त्यांना गॅझेटचा अर्ज कसा करायचा ते लिहून देत असे. नोकरीत मी लिहिलेल्या सगळ्या गोष्टींत ते टिपण सर्वांत जास्त वेळा लिहिलं असेन.

कोथरूडहून एक बाई आल्या, पन्नाशीच्या पुढच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी एस. एस. सी. चं प्रमाणपत्र काढलं. जुनी अकरावी, १९७३ ची. घडीवर कागद फाटला होता आणि मागून चिकटपट्टी लावली होती, ती पिवळी पडून कडांना सुटत आली होती. वर्ग दुसरा, गणितात चांगले गुण. त्यांना वाटत होतं की अकरावी झाली आहे, म्हणजे बारावीला एकच वर्ष कमी, तेवढं भरून काढता येईल. मला त्यांना सांगावं लागलं की जुनी अकरावी आता दहावीच धरतात. ज्या क्रमात त्या शिकल्या तो क्रमच उरलेला नाही. त्या काहीच बोलल्या नाहीत. प्रमाणपत्र होतं तसं घडी करून पिशवीत ठेवू लागल्या.

मी त्यांना थांबवलं आणि सतरा नंबरच्या फॉर्मबद्दल सांगितलं. बोर्डाचा हा फॉर्म महाराष्ट्रात सगळ्यांनी ऐकलेला असतो: शाळेत न जाता खासगीरीत्या दहावी-बारावीला बसणाऱ्यांसाठीचा. तेव्हा माझ्या डोक्यात फुल्यांचं निवेदन नव्हतं, ते मी नंतर वाचलं. पण आज मला दिसतं की जोतीरावांनी ज्याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं, ती खासगी मॅट्रिकची सोय वेगवेगळ्या बोर्डांच्या हातांतून फिरत या सतरा नंबरपर्यंत चालत आली आहे. ती बंद पडली नाही, कारण दर वर्षी कोणी तरी ती वापरत राहिलं.

बाईंनी सतरा नंबर भरला. बारावी कला शाखेतून पास झाल्या, मग आमच्याकडे बहिःस्थ बी. ए., विषय मराठी. रविवारी संपर्क सत्रांना येत, पहिल्या बाकावर बसत आणि वही संपली की दुसरी काढत. कधी नातवाला बरोबर आणत.

पुणे विद्यापीठाला ९ ऑगस्ट २०१४ रोजी सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. बहिःस्थचं काम पुढे मुक्त अध्ययन प्रशालेकडे गेलं. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. आता पदवी श्रेयांकांत मोजतात. तीन वर्षांना १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले पंधरा तास. पहिल्या वर्षाअखेर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्याअखेर पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक श्रेयांकांच्या बँकेत जमा राहतात, पुन्हा आलं की तिथून पुढे. स्वयंम या सरकारी पोर्टलवरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेता येतात. लग्नाने, बाळंतपणाने, वडिलांच्या आजारपणाने ज्यांचं शिक्षण तुटलं, त्यांच्यासाठी ही तरतूद खरोखर मोठी आहे, आणि ती राबवणाऱ्या कार्यालयांनी तिच्याकडे कामाचा बोजा म्हणून पाहू नये अशी माझी मनापासून विनंती आहे. गेलेली मुलगी तीन वर्षांनी परत येईल तेव्हा खिडकीतल्या माणसाला तिचा जुना क्रमांक काढून देता आला पाहिजे. नाही तर बँकेत श्रेयांक असतील आणि ती दारात उभी असेल.

नियमित विद्यार्थ्याला पंच्याहत्तर टक्के हजेरी आजही लागते. तिला माझा विरोध नाही. वर्गात बसून, शेजारच्याशी वाद घालून जे कळतं ते एकट्याने कळत नाही. माझ्या आतेआजीलाही हे वाटत असे, आणि वर्गमैत्रीण म्हणजे काय ते आपल्याला कधी कळलंच नाही, असं ती म्हणायची. टर्म भरायला मिळणं हीसुद्धा चैन असते. कर्व्यांनी खासगी उमेदवारांना परीक्षा दिली, पण महिला पाठशाळाही चालवली, मग ती पाचच मुलींची का असेना. एकीच्या बदल्यात दुसरी त्यांनी ठेवली नाही. बहिःस्थचा फॉर्म निघाला म्हणजे गरिबांचं काम भागलं, असं मानून कॉलेजची फी वाढवत नेणं, हे मात्र फुल्यांच्या मागणीचं नाव घेऊन तिच्या उलट जाणं आहे.

कोथरूडच्या बाई बी. ए. झाल्या. गुणपत्रिका न्यायला आल्या तेव्हा एम. ए. ची चौकशी करू लागल्या. मी सवयीने बहिःस्थचे नियम सांगायला घेतले. त्यांनी मला मध्येच थांबवून विचारलं, रेग्युलरचं काय? मी म्हटलं, रोज यावं लागेल, हजेरी धरतात, पंच्याहत्तर टक्के.

"आता येते की," त्या म्हणाल्या. "सासूबाई गेल्या, नातू शाळेत जातो. अकराला पोचेन."

मी त्यांना रेग्युलर प्रवेशाच्या कागदांची यादी लिहून दिली.